अरुणाच्या खात्याचे स्थलांतर

२६ जुलै २००९, रविवार

आज पुन्हा खटखट.

संगणक सुरू केला आणि पेटीतून तोच आवाज — चार ठोके, क्षणभर शांतता, पुन्हा चार. टपालावर शिक्के मारताना होतो तसा. अकरा मिनिटांनी पडद्यावर नावे उमटली. वर माझे, त्याखाली अरुणाचे. तिच्या नावाशेजारी तिने स्वतः निवडलेले पिवळे बदक.

मुलाला, अनेकांतला, बंगळूरला फोन केला. रिसीव्हर पेटीजवळ धरून त्याला ठोके ऐकविले. तो म्हणाला, "अण्णा, डिस्क मरायला लागलीय. कधी जाईल सांगता येत नाही."

हा शब्दप्रयोग त्याने टाळावयास हवा होता. त्याच्या आईला जाऊन अद्याप सहा महिनेही झालेले नाहीत.

तो नवी डिस्क पाठवीत आहे. तिच्यात फिरणारे असे काहीच नसते म्हणे, सारे स्थिर. जुन्या डिस्कवरचे सर्व — संगणक ज्यावर चालतो ती मूळ यंत्रणासुद्धा — जसेच्या तसे तिच्यावर उतरवून घ्यायचे. मी विचारले, "आईचे खाते?"

"सगळं येतं अण्णा. पासवर्डसकट."

तिचा परवलीचा शब्द मला ठाऊक नाही, हे मी त्याला सांगितले नाही.


३० जुलै, गुरुवार

डिस्क आली. कुरियरने! पोस्टकार्डाच्या निम्म्याहून लहान. हातात घेतली तर काही घेतल्यासारखे वाटत नाही.


१ ऑगस्ट, शनिवार

सोनम कांबळे सकाळी दहाला आली. नागसेनची मुलगी. नागसेन माझ्या हाताखाली सव्वीस वर्षे पोस्टमन होता. त्याला जाऊन तीन वर्षे झाली. हिचे राजारामपुरीत संगणक दुरुस्तीचे दुकान आहे. दारातच ती "जय भीम, काका" म्हणाली, मी "जय जिनेंद्र" म्हणालो. तिचे वडील आणि मी रोज सकाळी हेच करीत असू.

"काका, हा अजून चालतोय हेच लई झालं की ओ!" पेटी उघडून ती म्हणाली. मग पडद्याकडे पाहून, "काकूंच्या खात्याला पासवर्ड हाय. उडवू? एका मिनिटाचं काम."

"नको."

"अहो, आत फोटो-बिटो असतील, कागदपत्रं असतील—"

"सोनम, तुझ्या वडिलांनी उभ्या नोकरीत कधी कुणाचे पाकीट फोडले?"

"न्हाई."

"मग."

ती हसली. "बाबा म्हणायचे, आमचं मास्तर बंद पाकिटाकडं बघतानाबी नजर बाजूला करत्यात."

मला हसता आले नाही.

दोन्ही डिस्का तारांनी जोडून तिने नक्कल करणे सुरू केले. पडद्यावर टक्के चढू लागले. शालूबाई चहा घेऊन आल्या आणि कप खाली ठेवून तेथेच उभ्या राहिल्या. नऊ वर्षे त्या आमच्याकडे स्वयंपाकाला आहेत. अरुणाच्या फार जवळच्या.

"ह्या डबड्यातलं त्या डबीत जातंय व्हय?"

"व्हय मावशी."

"आन् मग ह्यात काय ऱ्हातंय?"

"ह्यातबी सगळं ऱ्हातंय. हलवत न्हाई आपण, नक्कल काढतोय. दोन्हीकडं सगळं सारखंच."

शालूबाईंनी थोडा विचार केला. "मग बाई कुठल्यात?"

सोनमचा हात कळफलकावर थांबला. खोलीत फक्त ते चार ठोके. "काय मावशी तुम्ही पण!" ती म्हणाली खरी, पण तिने पडद्याकडेच पाहिले, आमच्याकडे नाही.

शालूबाईंनी हळद-कुंकू आणून नव्या डिस्कला लावले. घर बदलताना लावतात तसे. "वरच्या कागदावर लावा ओ, पिनांना नको!" — सोनम.

त्रेसष्ट टक्क्यांवर काम अडले. चाळीस मिनिटे! ठोके वाढले. जुन्या डिस्कवरच्या काही जागा वाचता येत नव्हत्या. त्या सोडून पुढे जावे लागले. मी विचारले, काय राहिले? "तसं सांगता येत न्हाई काका. बहुतेक रिकामी जागा असणार." बहुतेक!

दुपारी अडीचला झाले. जुनी डिस्क काढून तिने माझ्या तळहातावर ठेवली. तव्यावरून उतरविलेल्या भाकरीसारखी गरम. "काम केलं की तापतीया. आत तबकडी फिरती नव्हं. आता फिरायची न्हाई, तासा-दीड तासात निवंल. टाकून द्या, न्हाईतर मी घेऊन जाते."

"राहू दे."

ती गेल्यावर मी डिस्कवर हात ठेवून बसलो. चार वाजून दहा मिनिटांनी ती पूर्ण थंड झाली. अरुणाच्या हिरव्या खणात गुंडाळून ती तिच्या कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावले. किल्ली माझ्या सदऱ्याच्या खिशात.


२ ऑगस्ट, रविवार

एकवीस सेकंदांत सुरू. दोनदा मोजले. आवाज मुळीच नाही.

ती गेल्यापासून संगणक चालू असला की घरात कोणीतरी काहीतरी करीत आहे असे वाटे. आज ते गेले. दिवा लागलेला, पडदा उजळलेला, आणि आत कोणी नाही.

भाजी चिरताना शालूबाईंनी विचारले, "मास्तर, बाईंना काय सांगायचं ऱ्हायलंय का तुमचं?"

हा कसला प्रश्न! मी वर्तमानपत्र वाचीत राहिलो.


६ ऑगस्ट, गुरुवार

एकवीस सेकंद.


१० ऑगस्ट, सोमवार

सायंकाळी पाचला बँकेतून परतलो. संगणक सुरू केला. नावे उमटली. अरुणाच्या नावाखाली बारीक इंग्रजी अक्षरांत एक ओळ होती. आजवर कधी नव्हती.

न वाचलेली पत्रे : सात.

मी संगणक बंद केला. पुन्हा सुरू केला. सात.




११ ऑगस्ट, मंगळवार

अनेकांतशी बोललो. त्याच्या मते हा आकडा आपोआप येत नाही. तिच्या खात्यात परवलीचा शब्द घालून कोणी आत गेले आणि टपाल उतरवून घेतले, तरच तो बाहेर दिसतो.

"अण्णा, तुम्ही उघडलं का आईचं खातं?"

"मी? कधीच नाही!"

मग म्हणाला, "ती सात पत्रं माझी आहेत. मी आईला लिहितो. ती गेल्यापासून, महिन्याला एक. पत्ता अजून चालू आहे. परत येत नाहीत, म्हणून लिहीत राहिलो."

मला त्याला सांगावयाचे होते की टपालात याची तरतूद आहे — 'प्रेषिती मृत' असा शेरा मारून पत्र प्रेषकास परत करतात. मी सांगितले नाही. म्हणालो, "लिहीत जा."

पण कोणी उतरवून घेतली ही पत्रे?


१२ ऑगस्ट, बुधवार

सोनमला दुकानात जाऊन विचारले. "काका, शपथ! मी हातबी लावला न्हाई त्या खात्याला. तुम्ही नको म्हटल्यावर कशाला लावीन?" ती नागसेनची मुलगी आहे. माझा विश्वास आहे.

निघताना तिने विचारले, "काका, नक्कल केलेलं कधी असं करतंय का?" जणू ते मलाच ठाऊक असावे.


१७ ऑगस्ट, सोमवार

आठ.

काल अनेकांतने लिहिले असणार; 'लिहीत जा' म्हटल्यापासून तो दर रविवारी लिहितो. आज मी दुपारी दोन तास दंतवैद्याकडे होतो. दार बंद. आत फक्त शालूबाई, स्वयंपाकघरात.

रात्री न जेवण्याचा आपला नियम, म्हणून त्या साडेपाचलाच ताट वाढतात. वाढताना पुन्हा तेच : "बाईंना काय सांगायचं असंल तर सांगावं माणसानं. मनात ठेवू न्हाई."

"शालूबाई, आमटीत मीठ कमी आहे," मी म्हणालो. नव्हते.


२३ ऑगस्ट, रविवार

आज गणपती बसले. उद्यापासून आपले दशलक्षण पर्व. दहा दिवस रोज दुपारी मंदिरात, आमच्या बस्तीत, प्रवचन. पर्वानंतर क्षमावाणी, एकमेकांची क्षमा मागण्याचा दिवस — यंदा ५ सप्टेंबर, शनिवार.

हे आता लिहितोच. येथे कोणी वाचणार नाही.

क्षमावाणीला सर्व परिचितांना 'उत्तम क्षमा' अशी कार्डे पाठविण्याची आमची पद्धत. तोंडाने म्हणावे लागते तेव्हा माझी जीभ अडते. कार्डावर सोपे जाते. लग्नाच्या पहिल्याच वर्षी, १९७६ साली, मी अरुणालाही एक कार्ड टाकले. पेटीत टाकले, शिक्का मारला, आणि नागसेन ते आमच्याच घरी देऊन आला. उलट टपाली तिचे मला आले. ती हसली होती — "अहो, एका चुलीपुढं बसून टपाल खातं पोसतोय आपण!" बत्तीस वर्षे हे चालले. गेल्या वर्षी माझे गेले. तिचे आले नाही.

का आले नाही, ते मला माहीत आहे.

जून १९७९. मी शिरोळ तालुक्यातील एका गावी सब-पोस्टमास्तर होतो. अरुणा बी.ए., बी.एड. झालेली. अनेकांत दहा महिन्यांचा, आई अंथरुणाला खिळलेली. अरुणाने तालुक्याच्या कन्याशाळेत अर्ज केला होता. ९ जूनला शाळेचे पाकीट आले. नागसेनने ते माझ्या टेबलावर ठेवले आणि तेथेच उभा राहिला. मी ते खणात टाकले. म्हटले, आईला बरे वाटले की देऊ. मुलाखत १४ जूनला होती. १६ जूनला मी ते फोडले. माझ्या नावाचे नव्हते.

नष्ट करता आले असते. पण पत्र नष्ट करणे हा गुन्हा! अडविणे जमले, फोडणे जमले, जाळणे जमले नाही. असा मी नियमाचा माणूस. माझ्या प्रशस्तिपत्रांच्या फाइलीत ठेवले.

अरुणाने पुन्हा कुठे अर्ज केला नाही. साठीकडे झुकल्यावर तिने एक वर्ग चालविला — स्वयंपाकघरात, एकाच विद्यार्थिनीचा. शालूबाईंना ती अक्षरे शिकवीत असे.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये निवृत्तिवेतनाचे कागद शोधताना तिने ती फाइल काढली. मी बाजारातून आलो तेव्हा फाइल जागेवर होती, पत्र मात्र उलट्या घडीने दुमडलेले. ती काही बोलली नाही. मीही नाही. नोव्हेंबरात तिची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे कळले. ३ फेब्रुवारीला ती गेली.

तिने क्षमा केली होती की नव्हती? मला दुसरे काहीही जाणून घ्यावयाचे नाही. उत्तर त्या खात्यात असेल, आणि ते खाते मी उघडणार नाही. तिची एक डाक मी फोडलेली आहे. दुसरी फोडणार नाही.


२४ ऑगस्ट, सोमवार

उपाय योजला. बस्तीत जाण्यापूर्वी कळफलकाची तार काढली, तो अरुणाच्या कापडी पिशवीत घातला, पिशवीचे तोंड सुतळीने बांधून लाख वितळवून ओतली, आणि माझी आद्याक्षरे कोरलेली पितळी मोहोर तिच्यावर दाबली. कळफलकाशिवाय परवलीचा शब्द घालता येत नाही, हे सोनमकडून खात्री करून घेतले आहे.

संगणकाच्या पेटीला कुलूप नसते. मोहोर हेच कुलूप.


२५ ऑगस्ट, मंगळवार

मोहोर शाबूत. आकडा आठ. बरे वाटले — आणि थोडे वाईटही.


२७ ऑगस्ट, गुरुवार

मोहोर शाबूत. सुतळीला गाठ तीच, लाखेला चीर नाही. उन्हात धरून भिंगाने पाहिली. माझी अक्षरे जशीच्या तशी. पिशवी पूर्वीच्याच जागी, पूर्वीच्याच कोनात.

ती फोडून कळफलक काढला, तार जोडली, संगणक सुरू केला.

नऊ.

अंगावर काटा आला. हे वाक्य मी आयुष्यात प्रथमच लिहीत आहे.


२८ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी उठलो ते एका आठवणीने. बहात्तर साली एक चौकशी झाली होती. टपालाच्या पिशवीची मोहोर शाबूत, आणि आतील विम्याचे पाकीट गायब. साहेबांनी पिशवी उलटी करून तळाची शिवण दाखविली होती.

अरुणाची पिशवी उलटी केली. तळाला चार बोटे शिवण नवी होती. पांढरा दोरा, पण अधिक पांढरा. आणि टाका — डावीकडून उजवीकडे, प्रत्येक तिसऱ्या टाक्याला दुहेरी वेढा. असा टाका या घरात एकच बाई घालीत असे. माझ्या प्रत्येक सदऱ्याला तिने असेच गुंडी-काज केलेले आहे.

पिशवी हातात घेऊन किती वेळ बसलो होतो, सांगता येत नाही. शालूबाई आल्या. पिशवीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि पदराने हात पुसून जमिनीवर बसल्या.

"मी उसवली मास्तर. मीच शिवली. बाईंनी शिकवलाय टाका."

मी पिशवी खाली ठेवली.

"तुम्ही घर हलवलासा बाईंचं, डबड्यातनं डबीत. ती पोरगी म्हणाली, काय जागा सुटल्या. माझा जीव थाऱ्यावर न्हाई. बाईंची ठेव आत हाय. पडली-झडली का म्हणून बघायला गेलते. पहिल्यांदा तो खटखट आवाज यायचा, त्याला भ्यायचे मी. आता गप हाय, म्हणून धाडस केलं."

"परवलीचा शब्द?"

"मला दिलाय."

त्यांना दिला! मला नाही. माझा चेहरा त्यांना दिसला असावा.

"ठेव कसली?"

"क्षमावाणीला करायचं एक काम हाय. जानेवारीत सांगून ठेवलंय त्यांनी."

"काय काम? पत्र आहे का? माझ्या नावाचे?"

त्या उठून उभ्या राहिल्या. माझ्यापुढे इतक्या ताठ त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. "मास्तर, तुम्ही कुणाची डाक फोडत न्हाई नव्हं? मग मलाबी फोडायला लावू नका."

त्यांना त्या जूनमधले काय माहीत आहे, हे त्यांच्या डोळ्यांत शोधले. काही सापडले नाही.

दाराशी वळून त्या म्हणाल्या, "बाईंना सांगायचं काय ऱ्हायलंय का, एवढंच मी इचारतेय. तीन बार झालं."


३० ऑगस्ट, रविवार

कार्डे लिहिली. एकशे बारा. शेवटचे घेतले, त्यावर सवयीने आमचाच पत्ता लिहिला — सौ. अरुणा... 'सौ.' खोडता येईना. मजकुराची बाजू कोरी ठेवली. छापील 'उत्तम क्षमा' तिला पुन्हा पाठविण्यात अर्थ नाही. तेहतीस पाठविली आहेत.


३ सप्टेंबर, गुरुवार

अनंत चतुर्दशी. बाहेर मिरवणुकीचे ढोल.

शालूबाई गडमुडशिंगीला गेल्या. लेकीचे दिवस भरले आहेत. सोमवारी येतील.

"आणि शनिवारचे काम?"

"सकाळच्याला तासाभरासाठी येऊन जाईन की. किल्ली हाय माझ्याजवळ. तुम्ही बस्तीत जावा निवांत."


४ सप्टेंबर, शुक्रवार

आज बोललो.

साडेपाच वाजले होते. शेजारच्या आवटींकडून आलेले ताट झाकलेले होते. संगणक सुरू केला, नावे उमटली, तिच्या बदकासमोर मी उभा राहिलो. बसून बोलणे बरोबर वाटेना. चष्मा काढून कळफलकावर ठेवला. घरात कोणी नव्हते. दार आतून बंद होते.

म्हणालो, "९ जून १९७९ रोजी तुझ्या नावाचे पत्र आले. ते मी अडविले. आईचे कारण खोटे होते. तू शाळेत जाशील, मग तुला माझी गरज उरणार नाही, असे मला वाटले. १६ तारखेला ते मी फोडले. एकोणतीस वर्षे मी तुला हे सांगितले नाही. तुला सापडले तेव्हाही नाही. मला क्षमा कर."

मोठ्याने. रिकाम्या खोलीत माझा आवाज मला एखाद्या परक्या इसमाचा वाटला. यंत्रातून आवाज नाही. उत्तर नाही. बदक पिवळे.

भान आले तेव्हा दिवस मावळला होता. ताट तसेच राहिले. पाणीही घेतले नाही.


५ सप्टेंबर, शनिवार. क्षमावाणी

बस्तीतून साडेचारला आलो. सर्वांना हात जोडले, सर्वांनी मला जोडले. घरात कालचे ताट तसेच झाकलेले. संगणक बंद. शालूबाई काम आटोपून, तो बंद करून, गेल्या असाव्यात.

सुरू केला. माझे खाते उघडले. एक पत्र. अरुणाकडून. आजची तारीख, दुपारी ३ वाजून ५२ मिनिटे.

येथे उतरवून ठेवतो, म्हणजे हाताला खात्री पटेल.

"अहो,
चष्मा काढलात ना? महत्त्वाचे बोलताना काढता.
ते पाकीट आले त्याच संध्याकाळी नागसेन मागच्या दारी येऊन सांगून गेला होता. वहिनी, शाळेचं पत्र आलंय, मास्तरांच्या खणात हाय, मी सांगितलं म्हणू नका. मी चौदा तारखेपर्यंत वाट पाहिली. आज द्याल, उद्या द्याल. मला मागता आले असते. मी मागितले नाही. तुम्ही आपणहून द्यावे, हा माझा हट्ट. मुलाखत त्या हट्टात गेली, नुसत्या तुमच्या खणात नाही.
दरवर्षी तुमचे कार्ड आले की आधी मागची बाजू बघायची, यंदा हाताने काही लिहिले असेल म्हणून. छापीलच असायचे. मी दरवर्षी माफ करीत होते आणि तुम्हाला कळू देत नव्हते. ही मी अडवून ठेवलेली डाक. त्याची क्षमा मी मागते. गेल्या वर्षी कार्ड टाकले नाही, कारण तुम्ही अजून ते पत्र जपून ठेवले आहे हे पाहिले, आणि नुसते छापील पाठवणे जड गेले.
आता बोललात. उत्तम क्षमा.
आज तरी दिवस मावळायच्या आत जेवून घ्या.
अरुणा"

ती सारे जाणून होती. पहिल्या दिवसापासून! मी जिला फसविले असे मानीत आलो, ती माझ्या खणाकडे पाहत एकोणतीस वर्षे माझ्यापुढे ताट वाढीत होती.

'आज तरी' या दोन शब्दांशी थोडा वेळ थांबलो. जानेवारीत लिहिलेल्या पत्रात 'आज तरी' कसे? पण शालूबाईंनी आल्यावर कालचे भरले ताट पाहिले असणार. शेवटची ओळ त्यांनी आपल्या मनाने घातली असणार. बाईंच्या विद्यार्थिनीला तेवढे येते.

पावणेसहाला जेवलो. गार भात, गार आमटी. कित्येक महिन्यांनी पोटभर.

मग ते कोरे कार्ड काढले आणि मागच्या बाजूला हाताने लिहिले. काय लिहिले ते तिचे आहे. ते पेटीत टाकून आलो.


७ सप्टेंबर, सोमवार

शालूबाई सकाळी आठला आल्या. पेढे घेऊन. नातू झाला.

चप्पल काढण्यापूर्वीच हात जोडून उभ्या राहिल्या. "मास्तर, चुकलं माझं. शनिवारी यायलाच जमलं न्हाई. शुक्रवारी रातीच पोरीला दवाखान्यात न्हेली, तिथनं उठले ती आज. बाईंचं काम ऱ्हायलं. आत्ता करते."

मी म्हणालो, "शालूबाई, पत्र आले."

"कसं येईल? पत्रं हितंच हायत की." त्यांनी माझ्यासमोर शब्द घातला. बदक बाजूला झाले, आतले उघडले. न पाठविलेल्या पत्रांच्या खणात दोन पत्रे होती. दोन्ही जानेवारीची. एकाचे नाव 'बोलले तर'. दुसऱ्याचे 'न बोलले तर'. पाठविलेल्या पत्रांचा खण पाहिला. या वर्षातले एकही नाही.

"बोललासा का मास्तर? कुठलं पाठवू?"

मी उठलो. खिशातून किल्ली काढली, अरुणाचे कपाट उघडले. कुलूप जसेच्या तसे होते. हिरव्या खणाची गाठ मी बांधलेलीच होती. ती सोडून जुनी डिस्क तळहातावर घेतली.

गरम होती.